घड्याळ तपासा, उघडू नका

अब्बांचं घड्याळ मी माझ्याच हाताने बिघडवलं. ही कबुली सुरुवातीलाच देतो, म्हणजे पुढचं मत कुठून आलं ते वाचणाऱ्याला कळेल. मत असं आहे: चावीच्या घड्याळाची वेळ तपासायची साधनं घरात जरूर असावीत. ती आता मिळायला अवघड राहिलेली नाहीत, काही तर फुकट आहेत. पण तपासणं आणि दुरुस्त करणं यांत जे अंतर आहे, ते या साधनांमुळे फार थोडं वाटायला लागतं. माझी फसगत तिथेच झाली.

घड्याळ अगदी साधं आहे. एचएमटी जनता, १७ ज्वेल्सचं, रोज चावी द्यावी लागणारं. अब्बा परभणीला एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाडी फलाटावर कधी लागली, कधी सुटली, याची नोंद करायची आणि उशीर झालेल्या ड्रायव्हर-कंडक्टरशी हुज्जत घालायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांच्या पिढीतल्या नोकरदाराच्या मनगटावर बहुतेक एचएमटीच असायची. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूत हा सरकारी कारखाना सुरू झाला. २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळांचं ते काम कायमचं बंद करायचा निर्णय घेतला, तेव्हा अब्बांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पेपर घडी करून ठेवत ते एवढंच म्हणाले, ‘‘कंपनी बंद हुई, घडी तो चालू है.’’

घड्याळ थोडं पुढे पळायचं, हे त्यांना माहीत होतं. दर शुक्रवारी सकाळी रेडिओवरच्या बातम्यांना ते वेळ मिळवून घ्यायचे आणि आठवडाभर पुन्हा हात लावायचे नाहीत. बसस्थानकावर घड्याळ मिनिटभर पुढे असलं तर काही बिघडत नाही, उलट बरंच. फक्त रमजानमध्ये ते रोज वेळ मिळवायचे. लहानपणी मला याचं कोडं वाटे. नंतर समजलं की सहरीला घड्याळ पुढे असलेलं चालतं, इफ्तारला नाही. दोन मिनिटं पुढे असलेल्या घड्याळावर रोजा सोडला तर तो सूर्यास्ताआधीच सोडल्यासारखा होतो. मशिदीच्या भिंतीवरच्या वेळापत्रकात इफ्तारची वेळ मिनिटात छापलेली असते आणि अब्बांच्या घड्याळाचा सगळा कस त्या एका मिनिटावर लागायचा.

वेळ तपासणारा माणूस मशिदीत नेमण्याची पद्धत फार जुनी आहे. त्याला मुवक्कित म्हणत. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अल-शातिर हा खगोलशास्त्रज्ञ याच कामावर होता आणि त्याने मशिदीच्या मिनारासाठी मोठं सूर्यघड्याळ बनवलं होतं. त्याचा पडताळा थेट सूर्याशी. आपल्याला ती सोय नाही, कारण सूर्यघड्याळ आणि आपलं घड्याळ यांच्यात वर्षभरात सोळा-सोळा मिनिटांपर्यंत फरक पडत असतो. आपला सूर्य म्हणजे दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. भारतीय प्रमाणवेळ तिथल्या अणुघड्याळांवर राखली जाते.

अब्बा गेल्यावर घड्याळ माझ्याकडे पुण्याला आलं. वर्षभर कपाटातच होतं. एकदा चावी भरून पाहिली तर दोन तास चाललं आणि थांबलं. पुढच्या खेपेला परभणीला गेलो तेव्हा अब्बांच्याच नेहमीच्या घड्याळजींकडे दिलं. लहानपणापासून मी त्यांना काका म्हणतो. बाजारात एका जिन्याखाली त्यांचं टेबल आहे, वर काचेची पेटी, आत चिमटे आणि पेट्रोलची वाटी. काकांनी सगळं खोलून धुतलं, तेल दिलं, मुख्य कमान नवी टाकली आणि आठवड्याने घड्याळ हातात ठेवलं. चालायला लागलं. प्रश्न तिथेच मिटायला हवा होता.

पण मी मोबाईलवर एक ॲप उतरवून घेतलं.

घड्याळाची टिकटिक ऐकून वेळ सांगणारी अशी बरीच ॲप्स आहेत. संगणकासाठी ‘टीजी’ नावाचा एक मुक्त स्रोत प्रोग्रॅमही आहे. तत्त्व सगळ्यांचं एकच. जनता घड्याळ तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला ४ लाख ३२ हजार. मायक्रोफोनने हे ठोके ऐकायचे, दोन ठोक्यांमधलं अंतर मोजायचं आणि ते ठरल्यापेक्षा किती कमी-जास्त आहे यावरून हिशेब करायचा की घड्याळ याच चालीने चाललं तर दिवसाला किती सेकंद पुढे वा मागे जाईल. अर्ध्या मिनिटात उत्तर. २४ तास थांबायला नको.

ऐकायला सोपं आहे. आपल्या घरांत ते तितकंसं सोपं नाही. मोबाईलचा माईक माणसाच्या आवाजासाठी बनवलेला असतो, घड्याळाचा ठोका त्याला मुंगीच्या पावलासारखा. त्यात वर पंखा, शेजारी कुकर, खाली रिक्षा. मी रात्री दोन वाजता पंखा बंद करून, घड्याळाच्या पाठीला इअरफोनचा माईक चिकटवून, दोन्ही कपाटातल्या गोधड्यांत खुपसून मोजणी केली. बायकोने एकदा उठून पाहिलं आणि काही न बोलता झोपली. पहिला आकडा आला +४१. दुसरा +१७. तिसऱ्या वेळी ॲपला ठोकेच सापडेनात.

मोबाईलच्या आकड्यावर फार विसंबू नये, याला आणखी एक कारण आहे. मोबाईल ज्या स्फटिकाच्या आधारे आवाज मोजतो, त्याचीही चूक असते. दहा लाखांत दहा-वीस भागांची चूक म्हणजे दिवसाला साधारण एक ते दोन सेकंद. पंचवीस सेकंद पुढे जाणाऱ्या घड्याळासाठी हे किरकोळ आहे, पण दोन सेकंदांवरून कारागिराशी भांडायला निघालेल्याने लक्षात ठेवावं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी पिझोची चकती घड्याळाच्या पाठीला लावून, छोटा अँप्लिफायर जोडून संगणकाला दिली तर आवाज खूप स्वच्छ येतो. चकती हवेतला आवाज फारसा घेत नाही, धातूचा कंप घेते, त्यामुळे पंखा चालू ठेवता येतो. ज्याला सोल्डरिंगची सवय आहे त्याच्यासाठी माझ्या मते घरचं सगळ्यात चांगलं साधन हेच.

माझा एक मित्र जुन्या घड्याळांचा शौकीन आहे. त्याच्याकडे टाइमग्राफर होता, वेईशी नावाचा चिनी बनावटीचा, छोटा पडदा आणि सोबत घड्याळ पकडून वळवता येणारा माईकचा स्टँड. पूर्वी मोठ्या घड्याळ दुकानांत कागदाच्या पट्टीवर ठिपके उमटवणारी यंत्रं असायची, त्यांचा हा स्वस्तातला नातू. मी तो महिनाभर मागून आणला.

या यंत्रावर तीन आकडे दिसतात. पहिला, दिवसाला किती सेकंद पुढे-मागे. सगळे तोच बघतात. दुसरा अँप्लिट्यूड, म्हणजे आतलं बॅलन्स चक्र एका बाजूला किती अंश फिरतं. तिसरा बीट एरर, म्हणजे ‘टिक’ आणि ‘टिक’च्या नंतरचा ‘टॉक’ यांच्या अंतरातला फरक, मिलिसेकंदांत. माणूस लंगडत चालतो तसं घड्याळही लंगडतं, ते हा आकडा सांगतो.

माझ्या मते यांत सगळ्यात कामाचा आकडा दुसरा आहे आणि नेमकं त्याकडेच कोणी पाहत नाही. सेकंदांचा आकडा एक बारीक पट्टी हलवून कसाही जुळवता येतो. घाणीने भरलेलं, तेल सुकलेलं घड्याळही तेवढ्यापुरतं वेळेवर आणता येतं. अँप्लिट्यूड तसा जुळवता येत नाही. पूर्ण चावी दिलेलं निरोगी घड्याळ आडवं ठेवलं तर २५० ते ३०० अंशांच्या आसपास फिरतं, उभं केलं की वीस-चाळीस अंश कमी होतात. जुन्या घड्याळाला थोडी सूट द्यावी. पण पूर्ण चावीवर, आडवं असूनही दोनशेच्या खाली गेलं तर घड्याळ धुवायला झालंय असं समजावं. एक खबरदारी मात्र घ्यायची. अँप्लिट्यूड काढायला यंत्राला त्या घड्याळाचा ‘लिफ्ट अँगल’ सांगावा लागतो. यंत्र आपणहून ५२ अंश धरून चालतं, आणि पुष्कळ घड्याळांना ते चालूनही जातं. पण मोठं चाक असलेल्या ईटीए ६४९७ सारख्या यंत्रणेचा तो ४४ आहे. हा कोन चुकीचा दिला तर सेकंदांचा आकडा बदलत नाही, फक्त अँप्लिट्यूड खोटा येतो. म्हणजे निरोगी घड्याळ आजारी दिसू शकतं आणि आजारी निरोगी.

अब्बांच्या घड्याळाचे आकडे वाईट नव्हते. डायल वर करून आडवं ठेवल्यावर +२२, अँप्लिट्यूड २५५. चावीचं बोंड वर करून उभं केलं तर −८, अँप्लिट्यूड २२०. बोंड खाली केलं तर +१२. बीट एरर ०.९. नवीन घड्याळात एवढा चालणार नाही, पण पन्नाशीकडे झुकलेल्या जनतात तो कोणी शहाणा माणूस छेडत नाही.

दिवसाला २२ सेकंद म्हणजे काय, याचा हिशेब करून पाहा. दिवसात ८६,४०० सेकंद. त्यातल्या २२ची चूक म्हणजे शंभरात ९९.९७ गुण. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था घड्याळाला ‘क्रोनोमीटर’ असं प्रमाणपत्र देते. त्यासाठी घड्याळाची यंत्रणा पंधरा दिवस, पाच स्थितींत, ८, २३ आणि ३८ अंश तापमानात तपासतात. तिथली मर्यादा दिवसाला सरासरी −४ ते +६ सेकंद. लाखो रुपयांची घड्याळं त्या रांगेत उभी असतात. आणि सामान्य माणसाला परवडावं म्हणून बनवलेलं, एसटीच्या धुळीत आयुष्य काढलेलं घड्याळ त्यांच्यापेक्षा दिवसाला पंधरा-वीस सेकंदच जास्त चुकतं. याला मी खराब म्हणत होतो.

कारण पडद्यावर +२२ लिहिलेलं होतं आणि मला तिथे शून्य पाहायचं होतं. हा एक वेगळाच हव्यास आहे. टाइमग्राफर घरी आला की माणूस वेळ बघायचं सोडून पडदा बघत बसतो. दोन ठिपक्यांच्या रेषा सरकत असतात. वर चढत गेल्या तर घड्याळ पुढे, खाली उतरत गेल्या तर मागे, सपाट असल्या तर उत्तम. त्या सपाट व्हाव्यात असं मनापासून वाटायला लागतं. मी त्या महिन्यात रोज दोन-दोन वेळा घड्याळ स्टँडवर लावत होतो. बीपीचं मशीन घरी आणलेल्या म्हाताऱ्यासारखी माझी गत झाली होती.

एका रविवारी चाकूच्या टोकाने मागचं झाकण उघडलं. बॅलन्सच्या डोक्यावर बारीक पट्टी असते, तिच्या दोन बाजूंना अधिक-उण्याच्या खुणा. ती केसभर हलवली की वेळ बदलते, हे मी चार व्हिडिओंत पाहिलं होतं. सुई घेतली. पहिल्या धक्क्यात +२२चे −१४० झाले. परत लोटलं तर +६५. व्हिडिओतल्या माणसाचा हात थरथरत नव्हता, माझा थरथरत होता. तिसऱ्या वेळी सुई घसरली आणि खाली गेली. खाली बालकमानी असते, केसापेक्षाही बारीक, बॅलन्सला मागेपुढे झुलवणारी. तिचे वेढे एकमेकांना चिकटले. घड्याळ तासाला चार-पाच मिनिटं पुढे पळायला लागलं आणि संध्याकाळी थांबलं.

त्या रात्री मी जेवलो नाही, हे सांगायला आता लाज वाटत नाही. अब्बांच्या वस्तू आमच्याकडे तशा तीनच आहेत. टोपी, चष्मा आणि हे घड्याळ.

परभणीला काकांसमोर घड्याळ ठेवलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, झाकण काढलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘‘कशाला उघडलं रे?’’

मी सांगितलं, बावीस सेकंद पुढे जात होतं.

‘‘साहेबांचं तसंच जायचं. मागं पडलेलं त्यांना चालायचं नाही, म्हणून मीच थोडं पुढं ठेवत आलो. ह्या वेळी पण तसंच ठेवलं होतं.’’

म्हणजे मी ज्याला चूक समजून सुई घेऊन बसलो होतो, ती चूक मुद्दाम ठेवलेली होती. आकडा मला दिसत होता, त्याच्यामागचा माणूस यंत्रात दिसत नाही. ही गोष्ट मी काकांना आधी विचारू शकलो असतो. एक फोन पुरला असता.

काकांनी दोन पर्याय दिले. दुसऱ्या एका बंद जनताचं बॅलन्स त्यांच्या डब्यात होतं, बालकमानीसकट. ते बसवलं तर तासाभराचं काम आणि आकडे पहिल्यापेक्षाही चांगले येतील. किंवा हीच कमान चिमट्याने सरळ करून पाहायची. वेळ लागेल आणि पूर्वीसारखी होईल याची खात्री नाही. अचूकता हवी असेल तर पहिला पर्याय सरळच चांगला होता. मी दुसरा मागितला. त्यांनी दोन दिवस लावले. पैसे किती विचारलं तर नेहमीच्या साफसफाईचेच सांगितले.

आता घड्याळ आडवं ठेवल्यावर +३१ दाखवतं, बोंड वर करून उभं केल्यावर −१९. दोहोंतलं अंतर ३० सेकंदांवरून ५० वर गेलं. ती माझ्या सुईची किंमत.

तर आता साधनांविषयी, जी माझ्याकडे आज उरली आहेत. पहिलं आणि मुख्य साधन वही. रोज ठरलेल्या वेळी, समजा सकाळी सात वाजता, संगणकावर सेकंद दाखवणारं प्रमाणवेळेचं घड्याळ उघडायचं आणि मनगटावरचं किती पुढे-मागे आहे ते लिहायचं. बहुतेक जुन्या घड्याळांत बोंड ओढलं तरी सेकंद काटा थांबत नाही, त्यामुळे अगदी सेकंदावर लावता येत नाही. हरकत नाही. आज १२ पुढे, उद्या २६ पुढे, म्हणजे दिवसाला १४. डोळ्याने पाहताना अर्धा-एक सेकंद चूक होते, पण ती सात दिवसांत विभागली जाते. आठवड्याच्या वहीने काढलेला आकडा दिवसाला सेकंदाच्या आतच चुकतो. तुमचं मनगट, तुमचं ऊन, तुमची झोप, मोटारसायकलचे हादरे, सगळं त्यात मोजलं गेलेलं असतं. टाइमग्राफर तीस सेकंद ऐकतो आणि पूर्ण दिवसाचा अंदाज सांगतो. वही दिवसच मोजते.

वहीतून एक उपयोगाची गोष्ट हाती लागते. रात्री घड्याळ कसं ठेवलं यावर दुसऱ्या दिवशीचा आकडा बदलतो. माझं आडवं ठेवलं तर रात्रभरात दहा सेकंद पुढे जातं, बोंड वर करून पुस्तकाला टेकवून उभं ठेवलं तर सहा-सात सेकंद मागे येतं. म्हणजे दिवसा कमावलेले काही सेकंद रात्री परत करता येतात. झाकण न उघडता घड्याळ लावायची ही रीत आहे, यात सुई लागत नाही. चावी रोज एकाच वेळी आणि पूर्ण द्यावी, ही दुसरी रीत. कमान उतरत आली की अँप्लिट्यूड पडतो आणि चाल बदलते.

दुसरं साधन होकायंत्र, साधं, वहीच्या दुकानात मिळणारं. चांगलं चालणारं घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर पहिला संशय चुंबकाचा घ्यावा. स्पीकर, टॅबलेटचं कव्हर, पर्सचं बटण, मोबाईलची पाठ, हल्ली घरात चुंबकं कुठे नाहीत! बालकमानीचे वेढे चुंबकाने एकमेकांना ओढतात, कमान जणू आखूड होते आणि घड्याळ पळतं. होकायंत्राजवळ घड्याळ हळूच फिरवल्यावर सुई ठळकपणे हलली तर पुढचं काम डीमॅग्नेटायझरचं. बऱ्याच घड्याळजींकडे तो असतो आणि काम एका मिनिटाचं असतं. त्यासाठी घड्याळ खोलावं लागत नाही, ‘पूर्ण सर्व्हिसिंग’चे पैसेही लागत नाहीत. ग्राहकाला हे माहीत असलेलं बरं.

टाइमग्राफर मी परत केला. तरी तो निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. जुनं घड्याळ विकत घेणाऱ्याला तो फार उपयोगी आहे. ऑनलाइन जुनी एचएमटी विकणारे हल्ली पडद्याचा फोटो टाकतात, +३, २८०, झकास. मी असं एक घेतलं होतं, ‘सर्व्हिस केलेलं’ म्हणून. आडवं ठेवलं की पडद्यावरच्यासारखंच चालायचं, मनगटावर मात्र दिवसाला दीड मिनिट मागे. फोटो पूर्ण चावीवर, एकाच स्थितीत काढलेला. म्हणून विकणाऱ्याकडे दोन फोटो जास्त मागावेत: एक घड्याळ उभं ठेवून आणि एक चावी दिल्यानंतर वीस-बावीस तासांनी. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नये. आणि आकडे उत्तम आले तरी डायल नव्याने रंगवलंय का, आतले भाग तीन वेगवेगळ्या घड्याळांतले आहेत का, हे यंत्र सांगत नाही. त्याला माणसाची नजरच लागते.

आणि ती नजर असलेली माणसं कमी होताहेत. काही कारागीर ‘चावीचं घड्याळ असंच चालायचं’ म्हणून हात झटकतात, पूर्ण साफसफाईचे पैसे घेऊन वरवर तेलाचा थेंब सोडतात, हे खोटं नाही. ग्राहकाच्या हातात आकडा आला की असली चलाखी थोडी अवघड होते. मला त्यात आनंदच आहे. पण तोच आकडा घेऊन आपण चांगल्या कारागिरापुढे पोलिसासारखे उभे राहतो. शंभर-दोनशे रुपयांच्या कामात स्विस प्रमाणपत्राची अपेक्षा धरतो. वेळ तर दोनशे रुपयांचं क्वार्ट्झ घड्याळही आपल्या सगळ्या जनता-कोहिनूरपेक्षा अचूक दाखवतं. नुसतं अचूकच हवं असेल तर ते भिंतीला लावावं आणि कारागिराला सुखाने जेवू द्यावं.

मला विचाराल तर टाइमग्राफरची खरी जागा घरातल्या टेबलावर नसून कारागिराच्या टेबलावर आहे, पडदा गिऱ्हाइकाकडे वळवलेला. घड्याळ देताना आकडे दोघांनी पाहायचे, घेताना पुन्हा पाहायचे, बिलाच्या मागे लिहायचे. त्यात कारागिराचंही संरक्षण आहे. मी काकांना हे सुचवलं. ते हसले, म्हणाले ह्या वयात नवं यंत्र कुठं घेऊ. त्यांचा मुलगा शेजारीच मोबाईल रिपेअरिंगचं काउंटर चालवतो. मग त्याच्या फोनवर ॲप टाकून दिलं आणि त्यानेच जुन्या इअरफोनच्या वायरला एक पिझोची चकती जोडून दिली.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा काका एखादं घड्याळ आधी कानाला लावायचे, अंदाज सांगायचे, मग मुलाच्या फोनवर पाहायचे. घड्याळ ‘कमजोर’ आहे की ‘जोरात’, हे त्यांचं पाचांतल्या चार वेळा बरोबर आलं. दिवसाला किती सेकंद, यात मात्र साफ चुकले. एकदा ‘धा-पंध्रा पुढं’ म्हणाले तर निघाले चाळीस मागे. त्यांनी फोनकडे बघितलं, पुन्हा घड्याळ कानाला लावलं आणि झाकण उघडून पट्टीला चिमट्याचं टोक लावलं. हात अजिबात हलला नाही.

माझ्या वहीत या आठवड्याची नोंद अशी आहे: शुक्रवार सकाळ, सात वाजता, सात दिवसांत १ मिनिट ३८ सेकंद पुढे. वेळ मिळवली, चावी पूर्ण दिली. रमजानला दोन महिने आहेत. तेव्हापासून रोज.